पिकाचे छायाचित्र आणि पिकाची पारख

रब्बी ज्वारीच्या मुलखातील शेतकऱ्याला पीक कसे पाहावे हे कोणी शिकवावे लागत नाही. सकाळी बांधावरून जाताना पानांचा रंग, पोंग्याचा तजेला आणि दुपारच्या उन्हात पानांची होणारी सुरळी यांवरून जमिनीत ओल किती उरली आहे, याचा अंदाज तो बांधतो. ही पारख त्याला वडिलांकडून मिळालेली असते व तीवर त्याने आपल्या अनुभवाचे पुट चढविलेले असते.

हेच पाहण्याचे काम कॅमेऱ्याकडून व संगणकाकडून करून घेण्याचे एक शास्त्र गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे. झाडाचे दृश्यगुण, म्हणजे त्याची उंची, पानांचा पसारा, रंग, उष्णता, पाण्याचा वापर इत्यादी गोष्टी निरनिराळ्या किरणांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून मोजावयाच्या, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. संशोधक त्यास फिनोमिक्स म्हणतात. या शास्त्राविषयी दोन टोकांची मते कानी येतात. काहींना वाटते की, यंत्र आले, आता दुष्काळाला तोंड देणारे वाण आपोआप हाती येतील. इतरांना वाटते की, हा सारा काचगृहातील खर्चिक खेळ असून कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काही पडावयाचे नाही. माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. यंत्र उपयुक्त आहेच, परंतु ते जे मोजील तेच उद्याच्या वाणात उतरेल. म्हणून काय मोजावयाचे हे ठरविताना शेतकऱ्याचा शब्द घेतला गेला पाहिजे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

मोजपट्टीचे दिवस

कृषि महाविद्यालयात शिकत असताना ज्वारीच्या प्रयोगक्षेत्रात नोंदी घेण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे असे. पानाची लांबी व सर्वांत रुंद भागाची रुंदी मोजावयाची, दोहोंचा गुणाकार करून त्यास ०.७५ ने गुणावयाचे व त्यावरून पानाचे क्षेत्रफळ काढावयाचे, ही पद्धत होती. सकाळी दवाने ओल्या झालेल्या पानांतून हिंडताना अंगाला कुसळ लागे व वहीची पाने भिजत. एके दिवशी मी व माझ्या सहाध्यायाने एकाच ताटाची पाने स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा दोघांच्या आकड्यांत चांगलीच तफावत निघाली. दोघांपैकी चूक कोणाची हे ठरविण्यास काही साधन नव्हते. अखेरीस आम्ही दोन्ही आकड्यांची सरासरी वहीत लिहून मोकळे झालो. आज त्या नोंदीची मला लाज वाटते.

याहून मोठी अडचण वजनाची होती. झाडाने किती शुष्क भार धरला हे पाहावयाचे तर ते उपटून, तुकडे करून, भट्टीत वाळवून तोलावे लागे. उपटलेले ताट पुन्हा वाढत नाही. म्हणजे तिसाव्या दिवशी तोललेले झाड वेगळे आणि साठाव्या दिवशी तोललेले वेगळे. एकाच झाडाच्या वाढीचा अखंड इतिहास आमच्या हाती कधीच येत नसे.

वनस्पतीचा आनुवंशिक साठा आणि तिचे प्रत्यक्ष दिसणारे रूप या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ साली स्पष्ट केले व त्यांस दोन वेगळी नावे दिली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००९ साली, ज्वारीच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे वाचन प्रसिद्ध झाले. आनुवंशिक साठा वाचण्याचे काम झपाट्याने स्वस्त व सोपे होत गेले. परंतु शेतात उभ्या असलेल्या झाडाचे रूप मोजण्याची आमची रीत मात्र मोजपट्टी व वही यांपाशीच थांबून राहिली. ग्रंथ छापून तयार आहे, पण त्यातील शब्दांचे अर्थ लावण्यास माणसे अपुरी पडत आहेत, अशी ही अवस्था आहे. कॅमेऱ्याची गरज भासली ती येथे.

कॅमेरा काय पाहतो

झाडाची वाढ डोळ्यांस दिसावी म्हणून यंत्र रचण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तयार केलेला क्रेस्कोग्राफ झाडाची सूक्ष्म वाढ दहा हजारपट मोठी करून दाखवीत असे. आजची साधने त्याच जिज्ञासेची पुढची पायरी होत.

ही साधने मुख्यत्वे पाच प्रकारची आहेत. पहिला साधा रंगीत कॅमेरा. तो झाडाचे चित्र वरून व दोन बाजूंनी घेतो. संगणक त्यातील हिरवे व पिवळे ठिपके निरनिराळे मोजतो, आणि झाड न उपटता त्याच्या भाराचा व पिवळेपणाचा अंदाज मिळतो. दुसरा कॅमेरा लाल किरणांपलीकडील, म्हणजे निकट अवरक्त किरणांचा. यांपैकी काही किरण पानातील पाणी शोषून घेते, म्हणून पाणीदार पान त्या चित्रात गडद व सुकलेले पान फिके दिसते. तिसरा कॅमेरा उष्णता टिपणारा. पाने आपल्या पर्णरंध्रांतून वाफ सोडतात व त्यामुळे थंड राहतात. पाणी तुटले की रंध्रे मिटतात व पान तापते. अंशाच्या काही भागाइतका फरकही या कॅमेऱ्यास कळतो. चौथा कॅमेरा हरितद्रव्यातून परत बाहेर पडणारा मंद लाल प्रकाश टिपतो, व त्यावरून अन्न तयार करण्याचे पानाचे काम सुरळीत चालले आहे किंवा नाही हे समजते. पाचवे साधन लेसर किरणांचे असून ते पानांचा पसारा लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनी मोजते.

अशी सोय पाहावयास परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत छायाचित्रांवरून झाडांचे गुणमापन होते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत अशाच कामासाठी नानाजी देशमुख यांच्या नावाचे केंद्र ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले. हैदराबादजवळ पटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत लेसर साधन झाडांच्या रांगांवरून फिरत राहते व झाडांखाली बसविलेले तराजू त्यांनी दिवसभरात किती पाणी खर्च केले याची नोंद ठेवतात. एकच झाड उगवणीपासून रोज मोजता यावे, ही जी सोय आम्हांस मिळत नव्हती, ती आता मिळाली आहे.

हिरवेपणा केव्हाचा?

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु मोजमाप अचूक असले म्हणजे निवडही अचूक होतेच असे नाही. रब्बी ज्वारीचे उदाहरण घेऊन हे पाहू.

आपली रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. त्यानंतर पाऊस थोडा पडतो किंवा पडतच नाही. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच पिकाला पोटरी, निसवण, फुलोरा आणि दाणे भरणे या सर्व अवस्था पार पाडावयाच्या असतात. म्हणजे पिकाजवळ ठराविक पुंजी असून तीत हंगामभर भर पडणार नाही, असा हा संसार आहे. जे झाड पहिल्या चाळीस-पन्नास दिवसांत भराभर पाने फोडते ते त्या वेळच्या चित्रात सर्वांत हिरवेगार व भरदार दिसते. संगणक त्यास पहिला क्रमांक देईल. परंतु त्या मोठ्या पसाऱ्यातून तेवढेच पाणी उडून जाते. आणि डिसेंबर-जानेवारीत दाणे भरण्याच्या वेळी भुई भेगाळू लागली की, तेच झाड प्रथम वाळते. त्याच्या कणसात दाणा बारीक राहतो आणि खडखड्या रोगाने ताट लोळते. उलट, सुरुवातीस बेताचा पसारा ठेवणारे झाड चित्रात मागे पडते. पण शेवटी त्याच्याजवळ ओल शिल्लक असते, पाने उशिरापर्यंत हिरवी राहतात व दाणा टपोरा होतो.

उष्णतेच्या चित्राचेही तसेच आहे. दुपारी हवा कोरडी व तप्त झाली म्हणजे काही वाण आपली पर्णरंध्रे अंशतः मिटून घेतात. त्या वेळी घेतलेल्या चित्रात त्यांची पाने तापलेली दिसतील व पाहणारा त्यांस आजारी समजेल. वस्तुतः ती झाडे पाणी राखून ठेवीत असतात. या काटकसरीची किंमतही झाडास मोजावी लागते, कारण रंध्रे मिटली की अन्न तयार होण्याचे कामही मंदावते. ती किंमत परवडते की नाही, हे त्या जमिनीत किती ओल मावते व पाऊस कधी थांबतो यावर अवलंबून असते. आणि हीच पाने दाणे भरण्याच्या वेळी थंड दिसली, तर तो मात्र निःसंशय चांगला गुण होय.

तात्पर्य, चित्र तेच, पण त्याचा अर्थ पेरणीनंतरच्या दिवसांगणिक बदलतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात उत्तम कॅमेरा दिला तर तो चुकीच्या झाडाची निवड अधिक वेगाने करील, इतकेच.

कुंडी आणि काळी जमीन

दुसरी गोष्ट मुळांची. काचगृहात झाड कुंडीत असते. कुंडीतील माती मोजकी, ओल सारखी व तळ जवळ. शेतात तसे नसते. एकाच गावात माळावरची हलकी जमीन वीतभर खोदली की मुरूम लागतो, तर ओढ्याकाठच्या भारी जमिनीत पुरुषभर खोल काळी माती सापडते. क्ष-किरणांच्या साहाय्याने मातीतील मुळांचे चित्र घेण्याची विद्याही आता अवगत झाली आहे. परंतु तीही कुंडीपुरतीच. उभ्या शेतातील खोल मुळे पाहण्यास अद्याप खड्डा खणण्याखेरीज भरवशाचा मार्ग नाही.

म्हणूनच ज्वारीच्या वाणांच्या शिफारशी जमिनीच्या खोलीप्रमाणे केलेल्या आहेत. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीस फुले वसुधा, ही वाटणी अनेक हंगामांच्या शेतावरील चाचण्यांतून ठरली आहे. कुंडीतील चित्रांवरून जो क्रम लागेल तो या तिन्ही प्रकारच्या जमिनींत टिकतो काय, हे प्रत्यक्ष पेरून पाहिल्यावाचून मान्य करणे धोक्याचे आहे. काचगृहाने हजारांतून पन्नास झाडे निवडून द्यावीत, हे योग्य. त्या पन्नासांतून पाच निवडण्याचा अधिकार मात्र काळ्या जमिनीचाच असला पाहिजे.

कणीस आणि ताट

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भारतातील ज्वारीचे पहिले संकरित वाण, सी. एस. एच. १, १९६४ साली प्रसारित झाले. बुटके व लवकर तयार होणारे हे वाण धान्याच्या उत्पन्नात सरस ठरले, व खरिपात संकरित ज्वारीने महाराष्ट्रात चांगले पाय रोवले. परंतु रब्बीच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही. मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी स्थानिक मालदांडीतून निवडलेले ३५-१ हे वाण अद्यापही त्यांच्या शेतात आहे. यास काही जण शेतकऱ्याचा जुनाटपणा म्हणत. मला तो त्याचा हिशेब वाटतो. त्याला मोत्यासारखा दाणा व गोड भाकरी हवी होती आणि बैलांना व दुभत्या जनावरांना वर्षभर पुरेल असा कडबा हवा होता. आम्ही तोलत होतो केवळ धान्य.

नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या एका प्लॉटवर मी जमलेल्या शेतकऱ्यांना कणसाचा आकार दाखवीत होतो. एक वृद्ध गृहस्थ खाली वाकले, त्यांनी एक ताट मुळाशी मोडले, त्याचे पेर दातांनी सोलून चघळले आणि मला विचारले, “साहेब, कणीस माणसाचं अन् ताट जनावराचं. तुम्ही दोन्ही बघता, का एकच?” माझ्या नोंदवहीत ताटाच्या गोडीसाठी रकानाच नव्हता. मी उत्तर दिले नाही; देण्याजोगे उत्तर मजजवळ नव्हते.

आनंदाची गोष्ट अशी की, हा रकाना भरणे आता अशक्य राहिलेले नाही. कडब्याची भुकटी करून तीवर निकट अवरक्त किरण सोडले असता परत येणाऱ्या किरणांवरून त्यातील प्रथिने व पचनीयता यांचा अंदाज अल्प वेळात काढता येतो. पटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने या पद्धतीचा ज्वारीच्या कडब्यासाठी उपयोग केला आहे. हैदराबादच्या कडबा बाजाराच्या पाहणीत, ज्या कडब्याची पचनीयता अधिक त्याला गिऱ्हाईक भावही अधिक देते, असेही आढळून आले. म्हणजे पेर चघळून पाहणाऱ्या त्या गृहस्थांची परीक्षा आणि किरणांची परीक्षा एकाच गोष्टीची होती. यंत्रास हा प्रश्न विचारणे शक्य आहे. मात्र तो विचारण्याचे कोणास तरी सुचले पाहिजे.

काय व्हावयास हवे

या विवेचनावरून माझ्या मते चार गोष्टी व्हावयास हव्यात.

पहिली, गुणांची यादी ठरविताना शेतकऱ्यास विचारावे. कोणते दृश्यगुण मोजावयाचे हे निश्चित होण्यापूर्वी त्या पिकाच्या मुलखातील शेतकरी, आणि विशेषतः भाकरी करणाऱ्या व जनावरांची वैरण पाहणाऱ्या स्त्रिया, यांचे म्हणणे रीतसर टिपून घ्यावे. वाण तयार झाल्यावर ते पसंत आहे काय असे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी, प्रत्येक चित्राची सांगड प्रत्यक्ष मोजमापाशी घालावी. काही झाडे उपटून तोलावीत, काही खड्डे खणून मुळे पाहावीत, व मगच संगणकाच्या आकड्यावर भिस्त ठेवावी. मोजपट्टीचे काम कंटाळवाणे आहे म्हणून ते टाकून देऊ नये. कॅमेऱ्याची कसोटी तिच्यावरच लागावयाची आहे.

तिसरी, चित्रणाची साधने काचगृहाबाहेर निघावीत. ड्रोनवर बसविलेला कॅमेरा प्रयोगक्षेत्रातील शेकडो वाफ्यांची चित्रे थोड्या वेळात घेऊ शकतो. हलकी, मध्यम व भारी अशा तिन्ही जमिनींवर, आणि विशेषतः पाऊस लवकर थांबलेल्या वर्षी, अशी चित्रे घेतली जावीत.

चौथी, निष्कर्ष मराठीत व सर्वांस उपलब्ध असे प्रसिद्ध व्हावेत. सार्वजनिक पैशाने घेतलेली चित्रे संस्थेच्या संगणकात बंद राहिली, तर त्यांचा उपयोग बांधापर्यंत पोचावयाचा नाही.

यावर खर्चाचा आक्षेप येईल, व तो खोटा नाही. ज्या मालदांडीने इतकी वर्षे साथ दिली ती डोळ्यांनी व हातांनीच निवडली गेली होती, असेही कोणी म्हणेल. ते सत्य आहे. परंतु डोळ्यांना झाडाने दुपारी किती पाणी खर्च केले हे दिसत नाही, आणि हजारो वाणांतून एकेक ताट रोज पाहणे कोणाही माणसास शक्य नाही. ऑक्टोबरात अवेळी पाऊस, तर दाणे भरताना अवेळी ऊन, अशी वर्षे आपण पाहत आहोत. पुढचे वाण निवडण्यास फार विलंब लागणे परवडणारे नाही. म्हणून खर्च करावाच. पण तो योग्य प्रश्नासाठी करावा.

आपल्यापुरते काय करता येईल

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी हे शास्त्र आपल्यापासून दूर आहे असे समजू नये. बहुतेक घरांत कॅमेरा असलेला फोन आहे. शेतात एक ठिकाण निश्चित करावे, तेथे वीत-वीत अंतरावर चुन्याच्या रेघा ओढलेली काठी रोवावी, आणि दर आठ दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच वेळी, काठीसह पिकाचे छायाचित्र घ्यावे. चित्राखाली पेरणीपासूनचे दिवस व पावसाची नोंद लिहावी. दोन वाण शेजारी पेरले असतील तर दोहोंची चित्रे घ्यावीत. कोणते आधी निसवले, कोणते आधी पिवळे पडले, हे सांगताना मग आठवणीवर विसंबावे लागणार नाही. अशा नोंदी घेऊन शेतकरी आमच्याकडे आले, तर आमची सल्ला देण्याची रीतही सुधारेल.

उपग्रहांची चित्रेही आता विनामूल्य मिळू लागली आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातील बारीकात बारीक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागेचा, म्हणजे सुमारे एका गुंठ्याचा असतो. एकराचे पीक चाळीस ठिपक्यांत दिसते. शेताचा कोणता कोपरा मागे पडला आहे हे त्यावरून कळेल. परंतु त्या गुंठ्यात हिरवी दिसते ती ज्वारी की हरळी, हे सांगण्यास बांध ओलांडून आतच गेले पाहिजे.

त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न मी त्याच दिवशी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि पुढील हंगामापासून प्रत्येक प्रात्यक्षिकात कडब्याचे वजन घेण्यास सुरुवात केली. तो रकाना मी हाताने आखला होता. उद्याच्या यंत्रांत तो आरंभापासूनच असावा, एवढीच अपेक्षा आहे.